ओटीपोटातील मोठी शस्त्रक्रिया : मिळते काय, जाते काय

१९९२ सालापर्यंत हार्बर लाइनची गाडी मानखुर्दला येऊन संपत असे. त्या वर्षी खाडीवरचा रेल्वेपूल सुरू झाला, गाड्या वाशीपर्यंत जाऊ लागल्या आणि मानखुर्द हे मधले स्टेशन बनले. त्यामुळे इथल्या कर्करोगाच्या रुग्णाला आज दोन दिशा आहेत. कुर्ल्याला गाडी बदलून परळला जावे, तर तिथे १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय. खाडी ओलांडून खारघरला जावे, तर तिथे त्याच संस्थेचे ॲक्ट्रेक हे केंद्र. शेजारी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहेच. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता अशी कल्पना करा, की मानखुर्दच्या एखाद्या वस्तीत राहणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंना दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. किरणोपचार झाले, गाठ विरघळली, त्या कामाला लागल्या. आता पुन्हा रक्त जाऊ लागले आहे. तपासणीत रोग जुन्याच जागी उलटलेला दिसतो. त्या जागी पुन्हा तेवढेच किरण देता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, ‘एक मोठे ऑपरेशन आहे. त्यात मूत्राशय, गर्भाशय, योनिमार्ग आणि मलाशय हे सगळे एकत्र काढावे लागते.’ या ऑपरेशनला पेल्व्हिक एक्झेंटरेशन म्हणतात. ‘एंटेरॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत आतडे. आतले सारे बाहेर काढणे, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

घरचे लोक दोन प्रश्न विचारतात. वाचेल का? आणि वाचली तर कशी जगेल? दोन्हींची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी देता येत नाहीत. पण ती कशावर अवलंबून असतात, हे शाळेतल्या जीवशास्त्राच्या आणि शेकडेवारीच्या आधाराने नीट समजून घेता येते.

एका भांड्यात तीन संसार

शाळेत हाडांचा सांगाडा असेल तर त्याची कंबर पाहा. दोन्ही बाजूंची रुंद हाडे आणि मागचे त्रिकास्थी मिळून बिनबुडाचे एक भांडे तयार होते. हीच श्रोणी. या भांड्यात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग, मागे मलाशय, अशा तीन वेगवेगळ्या संस्थांचे शेवटचे भाग अगदी चिकटून बसलेले असतात. पुरुषांत मधली जागा प्रोस्टेट ग्रंथी आणि वीर्याशयांची. दोन अवयवांमध्ये काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटरचा पडदा असतो.

छातीत किंवा पोटात गाठ वाढली तर तिला पसरायला थोडीफार मोकळी जागा मिळते. इथे भिंती हाडांच्या आहेत. त्यामुळे मधल्या अवयवात वाढणारी गाठ पुढच्या-मागच्या शेजाऱ्यात घुसते. त्यातून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडले तर लघवी सतत झिरपत राहते. मागच्या बाजूला पडले तर मळ. पुढे सरकत गाठ बाजूच्या भिंतीला भिडली, तर तिथून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा तिच्या कचाट्यात सापडतात. या बाजूच्या भिंतीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. शस्त्रक्रियेचे सारे गणित तिथे अडते.

आधी सुरी का नाही?

रोग पहिल्यांदा सापडतो तेव्हाच ऑपरेशन का करत नाहीत, असे कोणीही विचारील. अगदी लहान गाठ असेल तर करतातही. पण गाठ वाढलेली असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध, हाच मुख्य मार्ग आहे. याचा भक्कम पुरावा परळमधूनच आला. मध्यम अवस्थेच्या सहाशेहून अधिक स्त्रियांची टाटा मेमोरियलमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला आधी औषध देऊन मग मोठी शस्त्रक्रिया, दुसऱ्याला औषध आणि किरण एकत्र. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, तर किरणांच्या गटात ७६.७ टक्के होते. एकूण हयात असणाऱ्यांत फरक नव्हता. म्हणजे सुरी चालवल्याने जादा काही हाती लागले नाही.

त्याच वर्षी त्याच संस्थेने आणखी पुढच्या, म्हणजे ‘तीन-बी’ अवस्थेतल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते किरण दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. किरणांबरोबर सिस्प्लॅटिन दिलेल्यांपैकी ५४ टक्के. आठ टक्क्यांची ही वाढ लहान वाटेल, पण शंभरातल्या आठ घरांना ती लहान नसते. तरीही जवळजवळ अर्ध्या स्त्रिया पाच वर्षांत गेल्या, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. त्यांपैकी काहींचा रोग फुफ्फुसांत किंवा यकृतात जातो, काहींचा बाजूच्या भिंतीत. फक्त थोड्यांचा तो मधोमध, जुन्याच जागी उलटतो. आपल्या कल्पनेतल्या बाई या थोड्यांपैकी आहेत, आणि या ऑपरेशनचा विचार मुख्यतः अशांसाठीच होतो.

जाता जाता एक नोंद. याच टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे साधारण स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरइतक्या तीव्रतेचे, लावत आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहत. ज्या वस्त्यांत ही तपासणी दर दोन वर्षांनी झाली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. एका वाटीतले आम्ल एका बाजूला आणि आठ-दहा तासांचे ऑपरेशन दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू आहे.

१९४८ : बावीसपैकी पाच

न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातले अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ साली हे ऑपरेशन केलेल्या २२ रुग्णांची हकिगत छापली. सगळ्यांचा रोग हाताबाहेर गेलेला, वेदना आणि दुर्गंधी असह्य झालेली. २२ पैकी ५ जण ऑपरेशनमुळेच दगावले. इतकी किंमत मोजून काय मिळवले, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. पण उरलेल्यांपैकी काहींना आराम पडला, आणि काही काळाने असे दिसू लागले की निवडक रुग्ण चक्क बरेही होऊ शकतात. आरामासाठी सुरू झालेले ऑपरेशन असे बरे करण्यासाठीचे ऑपरेशन बनले.

मूत्राशय काढल्यावर लघवी कुठे न्यायची? ब्रुन्श्विग यांनी दोन्ही मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडल्या आणि आतड्याचे तोंड पोटावर काढले. मळ आणि लघवी एकाच भोकातून. सोय सुटसुटीत, पण त्यातून दोन संकटे उभी राहिली. पहिले साधे आहे : मळातले जिवाणू मूत्रवाहिनीतून वर चढून मूत्रपिंडात पोचत. दुसरे संकट रसायनशास्त्राचे आहे आणि वरच्या वर्गांत आवर्जून सांगण्यासारखे आहे. आतड्याचे अस्तर शोषून घेण्यासाठीच बनलेले असते. समोर अन्नरस आहे की लघवी, हा भेद त्याला कळत नाही. लघवीतले अमोनियम आणि क्लोराइड ते रक्तात ओढून घेते आणि बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडते. बायकार्बोनेट हा रक्तातला आम्लता सावरणारा घटक. तो कमी झाला की रक्त आम्लतेकडे झुकते, माणूस थकतो, श्वास जोराने चालतो आणि दीर्घकाळात हाडांतला कॅल्शियमही खर्ची पडतो.

शोषण किती होणार हे दोन गोष्टींवर ठरते : अस्तराचे क्षेत्रफळ किती, आणि लघवी तिथे किती वेळ थांबते. १९५० साली यूजीन ब्रिकर या अमेरिकन शल्यविशारदाने यावर तोडगा लोकप्रिय केला. लहान आतड्याचा सुमारे १५-२० सेंटिमीटरचा तुकडा रक्तपुरवठ्यासकट वेगळा काढायचा, मूत्रवाहिन्या त्याला जोडायच्या आणि त्याचे टोक पोटावर आणायचे. इथे आतड्याचा तुकडा साठवणीची टाकी नसून पन्हळ आहे. लघवी येते आणि वाहून जाते. शोषायला वेळच मिळत नाही. तुकडा निवडतानाही लहान आतड्याच्या अगदी शेवटचा भाग सोडून देतात, कारण जीवनसत्त्व ब-१२ तिथेच शोषले जाते. मळाचा मार्ग वेगळा राहतो. आजही बहुतेक रुग्णांच्या पोटावर याच पद्धतीने दोन तोंडे असतात : एका बाजूला मळाचे, दुसऱ्या बाजूला लघवीचे.

रिकामी झालेली जागा

भूल, रक्तपेढी, प्रतिजैविके आणि अतिदक्षता विभाग सुधारले तसे ऑपरेशनच्या टेबलावरचे मृत्यू झपाट्याने घटले. मलाशयाच्या पुढे पसरलेल्या कर्करोगासाठी हे ऑपरेशन झालेल्या अनेक देशांतल्या १२९१ रुग्णांची एकत्रित पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू दीड टक्का होते. १९४८ च्या बावीसपैकी पाच, म्हणजे जवळजवळ तेवीस टक्क्यांशी ताडून पाहा. (रोग वेगळा, निवड वेगळी, तेव्हा ही तुलना ढोबळ आहे.) पण त्याच पाहणीत गंभीर गुंतागुंत सुमारे ३८ टक्के रुग्णांत झाली. जीव वाचवायला आपण शिकलो. त्रास टाळायला तितके शिकलो नाही. असे का?

याची कारणे दोन. पहिले म्हणजे भांडे रिकामे होते. पोटातली लहान आतडी सैल असतात. खाली मोठा खड्डा दिसला की ती गुरुत्वाने तिथे उतरतात आणि खडबडीत, अस्तर नसलेल्या पृष्ठभागाला चिकटतात. चिकटलेल्या आतड्याला पीळ किंवा मुरड पडून मार्ग बंद होतो. खड्ड्यात रक्तद्रव साठून पू होतो. आतड्याला भोक पडून खालच्या जखमेतून मळ येऊ लागतो. म्हणून शल्यविशारद तो खड्डा भरून काढण्याची धडपड करतात : पोटातला वपा नावाचा चरबीचा पडदा खाली आणून, किंवा मांडीचा अथवा पोटाचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह फिरवून. याच स्नायूपासून काही वेळा नवा योनिमार्गही घडवता येतो.

दुसरे कारण आधीच्या किरणोपचारांत आहे. किरण कर्कपेशी मारतात, पण आसपासच्या लहान धमन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करतात. ती इजा हळूहळू, महिन्या-वर्षांनी प्रकट होते : धमन्या अरुंद होतात, ऊतीत तंतू वाढतात, रक्त कमी पोचते. अशा जागी टाका घातला तर तो धरतो, पण भरून येत नाही. वाळलेल्या फांदीवर कलम बांधावे तसे. म्हणून मूत्रवाहिनी आणि आतड्याचा सांधा गळतो किंवा आकसतो, आणि आकसला की मूत्रपिंडावर दाब येतो. पन्हळीसाठी आतड्याचा तुकडा घेताना किरण न लागलेला भाग शोधतात तो यासाठीच. त्रिकास्थीवरच्या शिरांतून होणारा रक्तस्राव आणि पायाच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या ही आणखी दोन नेहमीची भये.

कड

आता पहिला प्रश्न : वाचेल का? काढलेला संपूर्ण भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. ते त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावतात, काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, की शाईच्या रेघेपाशी कर्कपेशी आहेत का. नसतील तर कड निर्मळ. दिसल्या तर रोगाचे बीज आतच राहिले. वरच्याच पाहणीचे आकडे पाहा. कड निर्मळ असलेल्यांपैकी तीन वर्षांनी ५६ टक्के हयात होते. कडेला सूक्ष्म रोग असलेल्यांपैकी ३० टक्के. डोळ्यांना दिसेल एवढा रोग मागे राहिला त्यांच्यापैकी ८ टक्के. ऑपरेशन तिघांचेही तेवढेच मोठे, पिशव्याही तिघांना दोन.

फलश्रुती ठरवण्यात या शाईच्या रेघेइतके वजन दुसऱ्या फार थोड्या गोष्टींना आहे. आणि बाजूच्या हाडांच्या भिंतीला रोग चिकटला असेल तर निर्मळ कड मिळवणे अतिशय अवघड होते. म्हणून डॉक्टर तीन खुणा एकत्र दिसतात का ते शोधतात : एका पायाला सूज, कमरेपासून त्याच पायात उतरणारी कळ, आणि त्या बाजूच्या मूत्रपिंडाला आलेली सूज. शिर, नस आणि मूत्रवाहिनी तिन्ही एकाच भिंतीवर दाबल्या गेल्याची ही साक्ष असते. अशा वेळी बहुतेक जण हे ऑपरेशन करत नाहीत.

रोग शरीरात अन्यत्र आहे का, हे पाहायला एमआरआयच्या जोडीला पेट स्कॅन करतात. त्यात ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडून टोचतात. भुकेल्या कर्कपेशी तो जास्त ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. म्हणजे तो दूर बनवून आणला तर वाटेतच संपत जातो. याच कारणाने भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळला, टाटा मेमोरियलच्या आवारातच कार्यान्वित केले. सकाळी सातला बनवलेल्या द्रव्यापैकी दुपारी साडेबाराला किती उरेल, हे गणित नववी-दहावीच्या मुलांना घालण्यासारखे आहे. (उत्तर : एक अष्टमांश.)

इतके करूनही पोट उघडल्यावर कधी कधी अनपेक्षित ठिकाणी रोग सापडतो. तुकडा तिथल्या तिथे गोठवून तपासला जातो आणि ऑपरेशन थांबवून पोट शिवले जाते. इथे शेकडेवारीचा एक सापळा आहे. गर्भाशयमुखाच्या उलटलेल्या रोगावर या ऑपरेशननंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या केंद्रांत साधारण ३० ते ५० टक्के सांगितले जाते. पण छेदात कोण आहे? ज्यांचे ऑपरेशन पूर्ण झाले तेच. ज्यांना दारातूनच परत पाठवले, ज्यांचे पोट उघडून मिटले, त्या कुठेच मोजल्या गेलेल्या नाहीत. म्हणून ‘उलटलेला रोग या ऑपरेशनने ४० टक्के बरा होतो’ हे वाक्य चुकीचे आहे. ‘काळजीपूर्वक निवडलेल्या थोड्या रुग्णांपैकी ४० टक्के’ हे बरोबर. वर्तमानपत्रातली वैद्यकीय बातमी वर्गात वाचून दाखवताना छेद कोणता, हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना जरूर लावावी.

दोन पिशव्या आणि एक नळ

दुसरा प्रश्न, कशी जगेल, याचे उत्तर रुग्णालयात अर्धेच मिळते. लघवीची पिशवी दिवसातून अनेक वेळा रिकामी करावी लागते आणि काही दिवसांनी बदलावी लागते. भोवतालची त्वचा धुवून कोरडी ठेवावी लागते, नाहीतर ती सोलवटते आणि मग पिशवी चिकटत नाही, गळते. याला पाणी हवे, आडोसा हवा आणि पिशवीचा नियमित पुरवठा हवा. मानखुर्द-गोवंडीच्या अनेक वस्त्यांत शौचालय सार्वजनिक, रांगेचे, आणि पाणी ठरावीक वेळेला. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे. तिथे पिशवी बदलणे हे खासगी काम राहत नाही. शस्त्रक्रियेचे निबंध लिहिणाऱ्या देशांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, म्हणून तो निबंधांत नसतो. माझ्या मते ‘ऑपरेशन शक्य आहे का’ याच्या तपासणीत एमआरआयइतकाच घरातल्या नळाचाही समावेश असायला हवा.

शिवाय जे जाते त्यात वैवाहिक जीवनही आले. त्याबद्दल बाई विचारत नाहीत आणि डॉक्टर बरेचदा सांगत नाहीत. अनेक महिने थकवा राहतो. पुन्हा दाखल व्हावे लागते. तरीही निर्मळ कड मिळालेल्या अनेक जणी वर्षभरात स्वयंपाक, बाजारहाट, प्रवास करू लागतात आणि सतत झिरपणाऱ्या, वास येणाऱ्या आधीच्या अवस्थेपेक्षा हे बरे असे म्हणतात. काही जणी ऑपरेशन नाकारतात. वेदनाशामक औषधे, गरजेप्रमाणे मॉर्फिन, रक्तस्राव थांबवण्याचे उपाय, घरी येऊन पाहणारे उपशामक पथक, हा मार्गही वैद्यकच आहे. त्याला ‘उपचार बंद केले’ म्हणणे योग्य नाही. आपल्या कल्पनेतल्या बाईंनी कोणता मार्ग घ्यावा, हे लेख लिहून ठरत नाही. पण त्यांना आकडे कळले पाहिजेत, छेदासकट, आणि त्यांच्या भाषेत.

ऑपरेशन ठरलेच, तर आदल्या दिवशी एक काम होते. स्टोमा सांभाळण्याचे खास शिक्षण घेतलेली परिचारिका रुग्णाला उभे करते, बसवते, वाकायला सांगते, मांडी घालून बसायला सांगते. पोटाला वळ्या कुठे पडतात, परकराची नाडी कुठे बांधतात, निऱ्या कुठे खोचतात, बेंबीखाली खुद्द त्यांच्या नजरेला कोणती जागा दिसते, हे पाहून ती न पुसणाऱ्या शाईने पोटावर दोन खुणा करते. दुसऱ्या दिवशी शल्यविशारद त्या खुणांवर छेद घेतो.